बिघाड किती?

"घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही," असं दुभाष्यानं मला खोलीत शिरण्याआधीच बजावलं. घरची माणसं कडू ते गोड करून सांगतात, म्हणून हॉस्पिटलचा तसा नियमच होता. मनात म्हटलं, बरं, तूच सांग, पण लवकर सांग. बाबांच्या उजव्या पायाची जखम अंगठ्यापासून घोट्याच्या वर चढली होती. दुपारच्या आत गुडघ्याखाली पाय काढला नाही तर विष रक्तात भिनणार, आणि मग बाबा काही आमच्या हाती लागत नाहीत, एवढं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतही मला कळलं होतं. आता तेच बाबांना रीतसर सांगून त्यांची सही घ्यायची होती.

सर्जन माझ्याहूनही लहान होती, आणि तिला मराठीचा गंध नव्हता. पेनाचं टोपण सारखं काढत आणि लावत होती. दुभाषी पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा, शब्द तोलूनमापून बोलणारा. त्याच्या कामाची रीत अशी की समोरचा 'मी' म्हणाला की यानंही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे हा मिशीवाला गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं "मी तुमची सर्जन आहे" म्हणाला तेव्हा बाबांना हसू फुटलं. मला कुठलं हसू येतंय! माझा डोळा भिंतीवरच्या घड्याळावर होता.

सर्जन बोलू लागली. साखरेनं जखम कॉम्प्लिकेट केली, म्हणाली. चालण्यानं ॲग्रवेट झाली. उशिरानं सगळं कंपाउंड झालं. रक्त पायापर्यंत नीट पोचत नाही, त्यानं ते आणखी एक्झॅसर्बेट झालं. शिकलेल्या माणसाला एकच शब्द दोनदा वापरायची लाज वाटते की काय, कोण जाणे. आणि आमचा दुभाषी तरी कशाला मागे राहील? तिच्या प्रत्येक शब्दाला त्यानं एकेक नवा मराठी शब्द काढला. मधुमेहामुळे गुंतागुंत उद्भवली आहे. चालण्यानं क्षत चिघळलं आहे. विलंबामुळे व्याधी बळावली आहे. रक्तपुरवठ्याअभावी स्थिती विकोपाला गेली आहे. असं मराठी मी शाळा सोडल्यापासून ऐकलं नव्हतं.

"म्हणून पाय काढावा लागेल," शेवटी तो म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी ना आवाज चढवला, ना तोंड फिरवलं. दुकानदाराला 'ही भाजी नको' म्हणावं तसं म्हणाले.

सर्जननं खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. आता तर ती आणखी समजावून सांगत होती, म्हणजे आणखी लांबण लावत होती. या खेपेला संसर्गानं 'जटिल स्वरूप धारण केलं'. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते दगडासारखं. मग माझी नजर खाली गेली. चादरीवर त्यांचा डावा हात होता. चार बोटं आधीच मिटलेली होती. 'जटिल' ऐकल्यावर अंगठाही मिटला आणि मूठ झाली.

मला ती मूठ ओळखीची होती. बाबा बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. गाडी आली की आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि बोटं मिटत जायचे.

"बाबा, काय मोजताय?"

"कृपया मध्ये बोलू नका," दुभाषी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो जरा! बाबा, काय मोजलंत?"

"बिघाड," बाबा म्हणाले. "पाच निघाले. तीनपर्यंत गाडी उघडायची. त्याच्या वर गेले की हात लावायचा नाही, भंगारात. पाय कापून एक जाईल गं, बाकीचे चार कुठे जातात? उगाच या पोरीचे हात कशाला रक्तात घालायचे?"

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. मी दुभाष्याकडे वळले. "तिनं पाच आजार सांगितले की एकच?"

"शब्द पाच होते," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "त्यांनी पाच वापरले, तर मी एकावर कसा भागवू? ते अप्रामाणिकपणाचं झालं असतं."

"मग आता बाबांचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. बिघाड किती?"

त्यानं विचारलं. सर्जन आधी गोंधळली. मग तिनं बाबांची मूठ बघितली. वाकून, त्या मुठीतली फक्त तर्जनी उलगडून वर केली. "वन," ती म्हणाली. त्याचं भाषांतर कुणालाच करावं लागलं नाही.

"एकच?" बाबांनी बोटाकडे नीट बघितलं. "आणि तो काढला की गाडी चालेल?"

चालेल, म्हणाली. कुबड्या, मग लाकडी नाहीतर प्लास्टिकचा पाय, पण चालेल.

"मग एवढे शब्द कशाला गं?"

दुभाष्यानं हेही तिला सांगितलं. ती खाली बघून हळूच काहीतरी बोलली. दुभाषी आपल्या जाड्या आवाजात म्हणाला, "मला भीती वाटत होती. 'तुमचा पाय कापते' एवढंच सांगायचं होतं. ते जिभेवर येईना, म्हणून मी घोळवत राहिले."

"घोळ घातल्यानं बिघाड जात नाही, पोरी," बाबा म्हणाले. "आण तो कागद."

त्यांनी सही केली. सर्जननं पेनानं त्यांच्या उजव्या नडगीवर बाण काढला. "नीट बघून घे, डावा चांगला आहे," बाबा म्हणाले. दुभाष्यानं तेही इमानेइतबारे सांगितलं, आणि ती पहिल्यांदाच हसली. घड्याळात अजून वेळ होता. मी जिंकले होते.

न्यायला दोन वॉर्डबॉय आले, पलंगाच्या चाकांचे ब्रेक काढले. सकाळपासून होकार मिळावा म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते. तो मिळाला म्हणजे पाय खरंच जाणार, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चादर सारून तो पाय दोन्ही हातांनी धरला. सुजलेला होता, तापलेला होता, घाण वास मारत होता, आणि बाबांचा होता.

"सोड आता," बाबा म्हणाले. "तुझ्याच मनासारखं झालं ना?"

"हो," मी म्हटलं, आणि माझे हात काही सुटेनात.