सोळाचा हट्ट

पुण्याहून आलेल्या प्रकाश साठ्यांचा ठाम समज होता, की हैदराबादेत पंखासुद्धा निवांत फिरतो. हे ते चारचौघांत बोलूनही दाखवत.

अनुराधा काचीगुड्यातच लहानाची मोठी झालेली. घरात सगळे सरकारी नोकरीतले. तिने पक्की नोकरी सोडून साठ्यांच्या या नव्या संगणक कंपनीत उडी घेतली, तेव्हा वडिलांनी, मुकुंदरावांनी, कपाळाला हात लावला होता. आज रेड्डीगारूंच्या बियाणे कंपनीचं नेटवर्क तिच्या हातून जुळलं, तर हैदराबादचं सगळं तांत्रिक काम तिच्याकडे येणार होतं. नाही जुळलं, तर ते काम पुण्याचा माणूस घेणार आणि अनुराधा पुन्हा दुकानोदुकानी प्रिंटर दाखवत हिंडणार. साठ्यांनी हे गोड हसून सांगितलं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

बियाणे कंपनीच्या काचीगुड्यातल्या कचेरीत टोकन रिंग होती. म्हणजे सगळे संगणक एका कड्यात, आणि टोकन ज्याच्याकडे येईल त्यानेच बोलायचं. आता मध्ये नवा स्विच बसवून त्याला दोन राउटर जोडायचे होते, एक बेगम बाजारच्या गोदामासाठी, दुसरा विजयवाड्याच्या शाखेसाठी. साठ्यांनी स्वतःच्या हाताने स्विचचे झाडून सगळे पोर्ट सोळाच्या, म्हणजे सेकंदाला सोळा मेगाबिटच्या, वेगावर लावले, ऐटीत हिशेब खात्याची केबल खोचली, आणि अख्खं हिशेब खातं बंद पडलं.

"क्या हुआ मैडम? मेरे लोगां खाली बैठे हैं!" रेड्डीगारू दारातूनच गरजले.

साठ्यांनी केबल काढली, खातं सुरू झालं. पुन्हा लावली, पुन्हा ठप्प. तेवढ्यात अनुराधाने हिशेब खात्यातला एक संगणक उघडून पाहिला. आतलं कार्ड जुनं, फक्त चारच्या वेगावर चालणारं. कड्यात एकजण जरी चुकीच्या वेगाने घुसला, तरी सगळ्यांचीच वाचा बसते. तिला इतकं हायसं वाटलं, की ती एकटीच हसली.

"सर, हिशेब खातं चारवर चालतं. त्यांचा पोर्ट चारवर लावू या."

"परदेशातून मागवलेला स्विच, आणि चारवर?" साठ्यांना तो स्वतःचाच अपमान वाटला. "तुमचा हैदराबादी आराम मशीनला नका शिकवू. सगळी कार्डं बदलू. उद्या आमचा माणूस येतोय पुण्याहून, तो बघेल. तुम्ही हात लावू नका."

"नक्को, सर." राग आला, की तिच्या मराठीत काचीगुडा उतरायचा. "स्विच आणलाय कैकू मग? प्रत्येक पोर्टचं कडं वेगळं. हिशेब खात्याला चार, राउटरना सोळा. दोघांची गाठ स्विच घालून देतो."

आपण साहेबांना गिऱ्हाइकासमोर अडवलं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. पण आता माघार घ्यायची तिची तयारी नव्हती. साठे काही म्हणायच्या आत ती कीबोर्डशी बसली. हिशेब खात्याचा पोर्ट तिने चारवर आणला, प्रत्येक कड्याला वेगळा क्रमांक दिला आणि केबल खोचली.

पलीकडच्या खोलीत कुणी ओरडलं नाही. उलट टायपिंगचा खडखडाट चालूच राहिला. मग गोदामाचा राउटर बोलला, पाठोपाठ विजयवाड्याचा. हिशेब खात्यातल्या त्याच जुन्या संगणकाच्या पडद्यावर बेगम बाजारातल्या मिरचीच्या बियाण्याचा साठा सरसर उमटला. रेड्डीगारूंनी लगेच गोदामाला फोन लावून पोती मोजायला लावली. आकडा जुळला!

"अरे वा!" ते टेबलावर थाप मारून म्हणाले. "अब वरंगल और कर्नूल का भी करना है. कब करेंगे?"

साठे घसा खाकरून पुढे झाले. "उद्या आमचा पुण्याचा माणूस..."

"आपसे नहीं साब, मैडम से पूछ रऊं."

साठ्यांनी अनुराधाकडे पाहिलं. ती त्यांच्या परवानगीची वाट पाहत नव्हती. आनंदाने तिला रडू फुटेलसं वाटत होतं, पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"पुढच्या आठवड्यात, रेड्डीगारू. मैं करूंगी." मग ती साठ्यांकडे वळली. "सर, पुण्याला फोन करून टाका. त्या माणसाला म्हणावं, येऊ नका."

साठ्यांनी मुकाट्याने फोन ओढला आणि पुण्याचा नंबर फिरवला.