बाबांचे हात

बर्धमानच्या आमच्या शाळेत चौथीला मी चित्रकला शिकवते. घसा फोडून सांगितलं होतं, माणसाचे हात मांडीपर्यंत पोचले पाहिजेत. आणि ही पुटी हाजरा! तिच्या चित्रातल्या बाबांना मिशा होत्या, चौकडीची लुंगी होती, पण हातच नव्हते.

"अगं, हात कुठे गेले?" मी डाफरले.

"नाहीतच, दिदिमोनी. आई रोज म्हणते, बाबा म्हणजे पुरीच्या बिनहातांच्या मूर्तीसारखा घरातला थोटा जगन्नाथ! पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नाहीत."

वर्ग खिदळला. मी कसंबसं हसू दाबलं.

"ते नुसतं म्हणायचं असतं गं. चल, हात काढ."

पुटीनं पेन्सिल खाली ठेवली.

"आईला लग्नापासून काढता आले नाहीत, मी एका तासात कसे काढू?"