हलू नका

“सौदामिनी, काचेवर जे आलं ते आलं. त्यातलं काही काढायचं नाही, त्यात काही घालायचं नाही.”

हे मामंजींचं सांगणं. माझे सासरे केशवराव भोरात फोटो काढत. तोंडावर देवीचे व्रण असले तर ते फोटोतही असत. पाठीमागे रंगवलेला पडदा नाही, हातात कागदी गुलाब नाही. गिऱ्हाइकं कुरकुरत. “केशवराव, तुमच्या फोटोत आम्ही आमच्यासारखेच दिसतो की हो!” असं म्हणत आणि लेकीच्या लग्नाचा फोटो काढायला पुण्याला जात. मामंजी नुसते हसत. काचा धुवायला आणि कागदावर छापायला त्यांनी मलाच शिकवलं. सकाळच्या उन्हात तुळशीच्या कट्ट्यावर मी छापाची चौकट ठेवायची आणि प्रदक्षिणांना लागायची. नेमाच्या फेऱ्या संपल्या की कागदावर माणूस उमटलेला असायचा.

मामंजी गेले आणि दुकान ह्यांच्याकडे आलं. ‘उपेंद्र केशव’ अशी पाटी ह्यांनी रंगवून घेतली, पण तेवढ्यानं ह्यांचं मन भरेना. पुण्याच्या फोटोंच्या प्रदर्शनात पदकाचा बिल्ला मिळावा, वर्तमानपत्रात नाव यावं, हा एकच ध्यास. म्हणून आनंदरावांचं बोलावणं आलं त्या दिवशी हे आनंदानं धड जेवलेसुद्धा नाहीत.

आनंदराव वेल्ह्याकडचे मोठे जमीनदार. पासलीच्या रानात त्यांनी वाघाची शिकार मांडली होती. वाघ उठवायला हाकारे हवेत, तर भाताची झोडणी सोडायला लावून माणसं काठीच्या धाकानं आणली होती.

हे परतले ते अंगात वारं भरल्यासारखे. “अगं, वाघ पडला तो माझ्यापासून ह्या भिंतीएवढ्यावर! जबड्यातून रक्त, शेपूट अजून आपटतेय. आनंदरावांनी छातीवर पाय दिला. पण हाकाऱ्यांची ही पळापळ! मी जो ओरडलो, हलू नका! सगळे जागच्या जागी पुतळे. आनंदरावसुद्धा!”

“कुणाला लागलं नाही ना?”

“एक गेला. गेनू म्हणून कुणी. वाघानं धरला म्हणाले.”

मी तांबडा दिवा लावून काच धुवायला घेतली. ह्या काचेला तांबडं दिसत नाही, म्हणून तर तिला तांबड्या उजेडात धुता येतं. आणि म्हणूनच रक्त तिच्यावर उमटत नाही. तिथं काच कोरी राहते, आरपार. आधी वाघ आला, रक्ताळलेला जबडा कोरा. मग आनंदरावांचा पाय, त्यांची बंदूक. आणि पायाच्या मागं, करवंदीच्या जाळीला टेकून पडलेला एक माणूस. त्याचे दोन्ही हात पोटावर होते. हातांखाली कोरी काच, मांडीवर कोरी काच, खाली धुळीतही. अंगावर नखाचा एक ओरखडा नव्हता. बोटांच्या फटीतून बंदुकीच्या गोळीचं भोक तेवढं दिसत होतं. त्याच्याकडे तांब्या घेऊन निघालेला एक जण अर्ध्या वाटेत वाकून थांबला होता. ह्यांचं ऐकून थांबला होता.

हललेला माणूस फोटोत धुरकट येतो. गेनू स्वच्छ आला होता, तोही ह्यांचं ऐकून हलला नव्हता. डोळे उघडे, सरळ माझ्याकडे.

“अहो,” मी म्हटलं, “हा जिवंत आहे.”

ह्यांनी काच दिव्यासमोर धरली. मग म्हणाले, “कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली सगळं उलटं दिसतं गं. मी वाघाकडे बघत होतो.”

दुसऱ्या दिवशी आनंदराव आले. बरोबर त्यांचा माणूस सोनबा, खांद्यावर बंदूक. आनंदरावांनी काच उजेडात धरून निरखली.

“झकास! वाघ काय आलाय! मागचं ते लचांड तेवढं खरवडून टाका.”

“पण तो—” ह्यांनी तोंड उघडलं.

“तो वाघानं मारला. पाटलानं लिहून दिलंय. पुण्याच्या प्रदर्शनातले परीक्षक आपल्या पंगतीला जेवतात, उपेंद्रराव. बिल्ला घेऊन या. वहिनींचा हात हलका आहे म्हणतात, त्यांना बसवा.”

“माझ्याच्यानं व्हायचं नाही,” मी म्हटलं.

आनंदराव हसले. “उपासतापासानं हात कापतो वाटतं! परवा येतो मी.”

ते गेल्यावर ह्यांनी माझ्या थोबाडीत दिली. एवढ्यानं भागलं नाही, तेव्हा हाताशी असलेली लाकडी चौकट उचलून मारली. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं.

“बापानं खरंखरं करून माझा जन्म फुकट घालवला! आता तू! एकदा माझं नाव होऊ दे की!”

मी पदरानं डोळा पुसला आणि मनातलं नामस्मरण चालू ठेवलं. दुसरं काय करणार?

त्याच दुपारी मागच्या दारी एक बाई उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. गेनूची बायको, ठकुबाई. माहेरी हिर्डोशीला बाळंतिणीपाशी गेली होती. निरोप पोचेपर्यंत पासलीला सगळं आटोपलं होतं. आता भोरावरून पासलीला घरी निघाली होती.

“माजी वाट बगनं ऱ्हाऊ द्या, तोंडसुदीक दावलं न्हाई,” ती म्हणाली. “घाईघाईनं जाळला. वागानं खाल्ला म्हनत्यात. तुमच्या मालकांनी फोटू काडला म्हनं. त्यात त्यो हाय का?”

“आहे.”

“तोंड ऱ्हायलंय?”

“आहे. सगळं आहे.”

ती मटकन पायरीवर बसली. मग माझ्या भुवईकडे बघून म्हणाली, “तुमाला कोन वाग भेटला, बाई?” तिनंच लुगड्याची चिंधी फाडून माझ्या कपाळाला बांधली.

“तू घरी जा,” मी तिला म्हटलं. “त्याचा फोटो मी तुझ्या दारात आणून देईन. तुळशीची आण.”

सकाळी हे नदीवर आंघोळीला गेले तेव्हा मी काच चौकटीत घातली, कागद लावला, कट्ट्यावर ठेवली आणि फेऱ्या घालू लागले. थंडीतलं ऊन मंद, म्हणून फेऱ्या वाढवल्या. गेनू उमटला. छाप पक्का करून मी देवघरात सोवळ्याच्या पेटीत ठेवला आणि काच होती तिथं नेऊन ठेवली.

मग हे स्वतःच खरवडायला बसले. चाकू घेतला, भिंग घेतलं. गेनूचे पाय गेले, पोट गेलं. डोळ्यांपाशी आल्यावर ह्यांचा हात थांबला. मी दारातून बघत होते. ह्यांनी दात खाऊन जोर दिला आणि काचेवरचा लेप वांग्याच्या सालीसारखा सुटला. गेनूचे डोळे गेले, आणि त्यांच्याबरोबर आनंदरावांचा वाघावरचा पाय गेला, बंदूक धरलेला हातही गेला.

आनंदराव सांगितल्याप्रमाणे आले. काच उजेडाकडे धरली.

“माझा पाय कुठाय?”

हे काहीतरी पुटपुटले.

“भडव्या, माझा पाय कुठाय?”

सोनबानं बंदुकीचा दस्ता ह्यांच्या तोंडावर हाणला. दात तुटून जमिनीवर पडले. हे पडले, तरी तो मारत होता, बरगडीत, पाठीत. चाकू धरणारा हात पायाखाली घेऊन त्यानं टाच फिरवली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले तर त्यानं मला भिंतीवर ढकललं. आनंदराव शांतपणे मामंजींच्या काचांच्या फळीकडे गेले आणि हातातल्या छडीनं एकेक खाली पाडू लागले. काचेवरची देवीच्या व्रणांची पोर फुटली, कारभारी फुटले, मामंजी स्वतः फुटले. जाताना आनंदरावांनी ती खरवडलेली काचही ह्यांच्या छातीवर आपटली.

गल्लीतल्या एकानंही दार उघडलं नाही.

मी ह्यांची बोटं पट्ट्यांत बांधली, तोंडातलं रक्त धुतलं, हळद भरली. शेजारच्या फुलाबाई संध्याकाळी गुपचूप भात घेऊन आल्या, त्यांना दोन दिवस ह्यांच्यापाशी बसायला सांगितलं. बिल्ल्याचं नाव ह्यांनी काढलं नाही.

सकाळी तुळशीला पाणी घातलं, फेऱ्या केल्या. सोवळ्याच्या पेटीतून छाप काढला तेव्हा हे उशीवरून बघत होते. मी तो ह्यांच्यासमोर धरला. वाघ, पाय, बंदूक, तांब्या घेऊन वाकलेला माणूस आणि गेनू. ह्यांच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांच्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. कुठल्याही प्रदर्शनात तो लागणार नव्हता.

“पासलीला?” तुटक्या दातांतून ह्यांनी विचारलं.

“हो.”

“हलू नका म्हणणारा मी होतो. सांगशील तिला?”

“तिनं विचारलं तर सांगेन.”

ह्यांनी मान हलवली.

मी छाप सोवळ्यात गुंडाळला, पदराखाली छातीशी धरला. कपाळाची चिंधी तशीच होती. फुलाबाईंना आवाज न करता दार ओढून घ्यायला सांगितलं आणि वेल्ह्याच्या वाटेला लागले.