कार्बनचे चार हात

मुलीनं लाकडी गोळा ओंजळीत घेतला, त्यातून निघालेल्या चारही काड्यांवरून बोटं फिरवली आणि मान हलवली.

"काका, हा चुकलाय."

सुताराचा रंधा थांबला. तीस वर्षांत त्याच्या कामात कुणी खोट काढली नव्हती, आणि आता काढली ती जन्मतःच दृष्टी नसलेल्या या पोरीनं.

"पुस्तकातलं चित्र समोर ठेवून केलाय. मधे कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन. काटकोनात, केसभर फरक नाही."

मुलीसोबत आलेल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी कपाळाला हात लावला. चित्र त्यांनीच पाठवलं होतं. उद्या मुख्याध्यापकांपुढे मुलीनं हा आकार हातात घेऊन समजावला, तरच तिला विज्ञान शाखा मिळणार होती.

"कार्बनकडे इलेक्ट्रॉन राहण्याच्या चार जागा असतात, कक्षक म्हणतात त्यांना. एक गोल आणि तीन लांबट," मुलगी म्हणाली. "जोडायची वेळ आली की चौघं आपापला आकार सोडतात, एकमेकांत मिसळतात आणि चार नवे होतात, अगदी सारखे. मग प्रत्येक जण बाकीच्यांपासून होईल तितका लांब सरकतो. तुमच्या गोळ्यात समोरचे लांब, शेजारचे जवळ. सारखं अंतर कुठंय?"

"आम्हा चार भावांना हे कधी जमलं नाही," सुतार पुटपुटला.

तरी त्यानं सहाही बाजू सारख्या असलेला एक चौकोनी ठोकळा उचलला. एक कोपरा सोडून एक, असे चार कोपरे अंगठ्यानं चाचपले, पट्टीनं मोजले. चारही एकमेकांपासून सारखे लांब. जन्मभर ठोकळे तासले, पण हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या चार कोपऱ्यांतून त्यानं मध्याकडे भोकं पाडली, मग ठोकळा तासून गोल केला आणि भोकांत चार सारख्या काड्या बसवल्या.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच गोळा घेऊन शाळेत गेला. मुलीनं तो टेबलावर ठेवला. तीन काड्यांवर उभा, चौथी वर. तिनं उलटवला, पुन्हा उलटवला; कसाही ठेवला तरी तसाच. चार हातांची गोष्ट तिनं न अडखळता सांगितली.

मुख्याध्यापकांनी पुस्तक उघडून चष्मा पुसला.

"पण चित्रात तर हा सपाट आहे."

"सर, मी चित्र पाहिलेलं नाही."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुख्याध्यापकांनी पुस्तक बाजूला सारलं, डोळे मिटले आणि गोळ्यासाठी हात पुढे केला.