पिशोरच्या नकाशाची पाठ

मी एक जुना नकाशा आहे, कापडी पाठीचा, वर-खाली लाकडी दांडी असलेला. अख्खा जिल्हा माझ्या पोटावर मावतो. याचा मला तोरा आहे आणि तो मी लपवत नाही. शहरातल्या औरंगपुऱ्याच्या दुकानातून एसटीने मी पिशोरच्या शाळेत आलो. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा माझ्या डोक्यावर नव्या नावाची चिठ्ठी चिकटवली. पिशोरच्या जागी मात्र आता नुसता पांढरा डाग आहे, कारण प्रत्येक पोराने तिथे बोट घासून आपलं गाव दाखवलं.

सोमनाथ सरांचा माझ्यावर फार जीव. माझ्याकडे पाठ करून, पोरांवर डोळे रोखून ते शिकवत आणि न बघता छडी नेमकी गावावर ठेवत. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि मी कपाटाआड भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. वाईट वाटलं, मित्रांनो.

तिथेच सातवीतल्या विशाखाला माझी कोरी पाठ सापडली. मधल्या सुट्टीत तिने कोळशाने वर्ग रेखाटला. खुर्चीत घोरणारे सर, त्यांचं हे एवढं पोट, समोर शेळ्यांसारखी मान डोलावणारी पोरं, बाकाखाली चिंचा खाणारी सोनिया, उत्तर येत नसताना हात वर करणारा सत्यम. सगळे हुबेहूब.

एके दिवशी लाइट गेली. टीव्ही बंद पडला म्हणून सरांनी मला बाहेर काढलं, घाईत पाठ पुढे करून टांगलं आणि सवयीने छडी मागे नेली.

"हे आपलं पिशोर."

छडी चित्रातल्या त्यांच्याच पोटावर टेकली होती. वर्ग खदखदला आणि सर वळले.

 चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा विशाखाचा फॉर्म सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता आणि आज शेवटची तारीख होती. तरीही कोणी काढलं हे सरांनी विचारताच ती उभी राहिली.

"म्या काढलं, सर."

सर चित्रापुढून हलेनात. मग म्हणाले, "सगळ्यांना धरलंस. तू कुठं हायेस यात?"

तिने चित्रावर नजर फिरवली. ती त्यात नव्हतीच.

"मंग काढ. तवर सही नाय."

तिने दप्तरातून कोळसा घेतला. सत्यमच्या पाठीआड लपून, जीभ बाहेर काढून, चोरून चित्र काढणारी एक फेंदऱ्या नाकाची मुलगी उमटली. वर्ग सगळ्यांत जास्त तिलाच हसला, विशाखासुद्धा. सरांनी सही केली.

मित्रांनो, थट्टा बिनधास्त करा, पण त्या चित्रात स्वतःलाही बसवा. आणि मला गुंडाळताना जरा सांभाळून, कारण माझ्या पाठीवरचा वर्ग आता कुठे पूर्ण झाला आहे.