कापून काढलेलं बोलणं

म्हाताऱ्या गवंड्याला बायकोचा चेहरा आठवत होता, तिची बोलणी तर तोंडपाठ होती, पण तिचा आवाज काही केल्या आठवेना. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मग एकदम त्याच्या डोक्यात आलं, गावच्या वाचनालयात आपली टेप आहे की! नदीवरचा पूल बांधणाऱ्यांत तो होता, आणि गावाच्या इतिहासासाठी वाचनालयाने तेव्हा त्याच्या घरी येऊन मुलाखत घेतली होती. नवरा बोलतोय आणि बायको गप्प बसलीय, असं त्या घरात कधी घडलंच नव्हतं.

इतिहासाच्या खोलीत ग्रंथपालबाईंनी टेप लावली. गवंडी कानात प्राण आणून ऐकू लागला. त्याचाच तरणा आवाज चुना, दगड, पूर असं काय काय सांगत होता. मध्येच तो अडखळायचा, "बरं, तसं असेल" म्हणून आपलं म्हणणं फिरवायचा. कुणाच्या धाकाने ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ती कुठेच ऐकू येईना.

"ती होती हो! आतून सारखी टोकत होती," तो रडकुंडीला आला.

बाईंचा चेहरा उतरला. "आजोबा, तेव्हाचे ग्रंथपाल ज्याची मुलाखत त्याचंच बोलणं ठेवायचे. मध्ये कुणी बोललं, की तेवढी पट्टी ब्लेडने कापायचे."

"म्हणजे ती केरात गेली?"

"थांबा जरा. त्यांना साधी सुतळीही फेकवत नसे."

बाईंनी कपाटात डोकं घालून बरीच खुडबुड केली आणि धुळीने माखलेला डबा काढला. वर लिहिलं होतं, 'पूल : निरुपयोगी'. आत कापलेले तुकडे एकापुढे एक चिकटवून केलेलं छोटं रीळ होतं. बाईंनी ते लावलं.

"अहो, काहीतरी काय सांगताय! तो खांब तुमच्या भावाने बांधला."

"पाण्यात पडलात ते सांगा की. लाजताय कसले?"

तोच आवाज, जरासा नाकातला, कायम घाईत असलेला. गवंड्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यातच हसू फुटत होतं.

शेवटच्या तुकड्यात तो आवाज एकदम हळू झाला. मुलाखत घेणाऱ्याला तिने दाराशी गाठलं असावं.

"दादा, ही टेप नीट जपाल ना? उद्या हे माझ्याआधी गेले, तर मी येईन ऐकायला. ह्यांच्या आवाजाशिवाय मला करमत नाही. त्यांना सांगू नका हं, डोक्यावर चढून बसतील."

रीळ संपलं. बाई डोळे पुसत होत्या.

गवंडी रिळाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे तुकडे माझ्या बोलण्यात जिथल्या तिथे बसवाल?"

"बसवते. पण मग तुमची मुलाखत सलग राहायची नाही, आजोबा."

"जळो ती सलग मुलाखत! तिला माझा आवाज हवा होता ना? मग आम्हाला एकत्र राहू द्या."