घाबरटाची नोकरी

मित्रांनो, मी एक म्हातारा मासा आहे आणि अतिशय भित्रा आहे. खरे तर दुसरी गोष्ट आधी सांगायला हवी होती, कारण मला नोकरी लागली ती भित्रेपणामुळेच. तुमच्या घरी नळ सोडला की पाणी येते ना? ते पाणी जिथे शुद्ध होते, त्या केंद्रात भिंतीला लागून एक काचेची टाकी आहे. तिथे मी राहतो. भिणे हेच माझे काम.

माझा जन्म नदीतला. बोटाएवढा असताना मला भावंडांसकट जाळीत उचलून इथे आणले. प्रयोगशाळेच्या बाईंनी काचेवर टकटक केली. बाकीचे जिथल्या तिथे राहिले आणि मी मात्र उसळून झाकणावर आपटलो. "हाच ठेवा," बाई हसून म्हणाल्या, "हा कामाचा आहे." भावंडांना त्यांनी नदीत परत सोडले. मला नोकरी लागली आणि माझे घर सुटले, दोन्ही एकाच दिवशी.

काम असे होते. नदीचे पाणी केंद्रात शिरते त्या जागेपासून एक बारीक नळी माझ्या टाकीत सोडलेली होती. नदीत काही वाईट आले, तर ते सगळ्यांच्या आधी माझ्या कल्ल्यांना झोंबणार. मी वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागलो, आडवा होऊ लागलो, की नदीकडचा दरवाजा ताबडतोब बंद करायचा, असा इथला नियम. पुढे त्या पाण्यात तुरटी पडते, गाळ तळाशी बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते आणि शेवटी जंतू मारायला क्लोरीन मिसळून ते मोठ्या टाकीत साठवतात. तिथून ते गावात जाते. तपासायला यंत्रेही आहेत. पण यंत्राला ज्याची ओळख करून दिली आहे, तेच ते ओळखते. मला कशाचेच नाव येत नाही, म्हणून मी सगळ्यालाच भितो.

माणसे जीव मुठीत धरतात म्हणे. मला मूठ नाही. मी तो कल्ल्यांत धरून बसतो.

वाळूच्या गाळण्या सांभाळणाऱ्या कामगाराला सगळे काका म्हणत. घाबरट हे नाव मला त्यांनीच ठेवले. ते माझ्यासमोर बसून डबा खात आणि घरच्या गोष्टी सांगत. केंद्राच्या कुंपणापलीकडेच कामगारांची वसाहत आहे. तिथे ते, त्यांची मुलगी आणि तिचे तान्हे बाळ राहत. एकदा मुलगी बाळाला घेऊन आली. काका नातीला म्हणाले, "हा बघ मासेमामा! हा भितो ना, म्हणून आपण बिनघोर पाणी पितो." बाळाने आपला ओला तळहात काचेवर ठेवला आणि मी दगडामागे दडलो. सगळे हसले. त्यानंतर पाण्याला जरा वेगळा वास आला, की मला तो तळहात आठवायचा आणि माझे अंग थरथरायचे.

तोवर माझी बरीच वर्षे या टाकीत गेली होती. एका डोळ्यावर पडदा आला होता, शेपटीच्या कडा विरल्या होत्या. पूर्वी पाहुणे यायचे, माझे कौतुक व्हायचे. आता टाकीवर कोणीतरी टोपी ठेवून जाई. नदी गढूळ झाली की माझी टाकी इतकी काळवंडे, की काकांना मी दिसतही नसे. त्यांना वाईट वाटे. "आयुष्यभर चिखल खाल्लास रे," ते एकदा म्हणाले. "म्हातारपणी तरी जरा सुखात राहा."

आणि त्यांनी माझी नळी नदीच्या बाजूने काढून वाळूच्या गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला जोडली. क्लोरीन मिसळायच्या अलीकडे, कारण क्लोरीनने मासा मरतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. कोणाला सांगितले नाही. म्हाताऱ्या बापाचे अंथरूण बदलावे, इतक्या सहज त्यांनी ते केले.

पाणी काय सुंदर होते! पण माझी पाचावर धारण बसली. नदीची खबरच येईना. पहारेकऱ्याला फाटकावरून उचलून आतल्या खोलीत निजवले होते, आणि फाटक उघडे होते. मी काचेवर धडका देऊ लागलो. "आता कसला भितोस, वेड्या?" काका हसायचे. मला सांगता येईना.

एका दुपारी पाण्यातून काहीतरी वाईट आले. पाण्याला रंग नव्हता, गाळ नव्हता, पण माझे कल्ले जळू लागले. मी वर धावलो. काकांना वाटले, हवेची नळी तुंबली असेल. त्यांनी ती फुंकून साफ केली, वर खाणे टाकले. "पाणी तर आरशासारखं आहे की," ते पुटपुटले. मी सगळा जीव एकवटून झाकणावर आपटलो. पुन्हा आपटलो. आवाज ऐकून बाई धावत आल्या.

"काका, हा आडवा होतोय! नदीकडचा दरवाजा बंद करा!"

काकांनी बटण दाबले. बाई टाकीकडे बघत राहिल्या. "थांबा. नदी गढूळ आहे, मग याचं पाणी एवढं स्वच्छ कसं? ही नळी कुठे जोडलीय?"

"गाळलेल्या पाण्याला," काका म्हणाले. "त्याचे हाल बघवत नव्हते हो."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे जे काही आहे ते गाळण्या पार करून आलंय. मोठ्या टाकीत पडतंय, काका! तिथून थेट गावात!"

गावाकडे जाणाऱ्या पाइपाचे चाक माझ्यासमोरच आहे, आणि त्या पाइपावरचा पहिला नळ वसाहतीचा. काकांनी दोन्ही हातांनी चाक फिरवायला घेतले. मुलीला लावलेला फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला होता. घंटी वाजत राहिली. चाक जड होते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. घर कुंपणापलीकडेच होते, धावत सुटता आले असते. पण हात चाकावरून सुटले नाहीत.

"उचल गं बाळा... उचल..."

"काय हो बाबा? बाळाची बाटली करतेय."

"ओतून दे ते! नळाचं काही वापरू नकोस!"

"अहो, उकळलेलं पाणी आहे."

"उकळून हे जात नाही गं! तिला पाजलंस का? सांग ना, पाजलंस का?"

काका चाक फिरवत होते आणि रडत होते. मग फोनमधून बाळाचा टाहो ऐकू आला.

"नाही पाजलं. भुकेनं किंचाळतेय, ऐका ना!"

चाकाचा शेवटचा फेरा बसला आणि काका तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मला पुढचे अर्धवटच आठवते. बाईंनी मला आधीच्या साठवलेल्या पाण्याच्या बादलीत सोडले.

नदीच्या वरच्या अंगाला, पुलावरून पिकांवरच्या औषधाचा टँकर उलटला होता, असे नंतर कळले. मोठी टाकी उपसली, धुतली, पुन्हा पुन्हा तपासली. तोवर गावाचे नळ कोरडे राहिले. लोकांनी फोनवरून शिव्यांची लाखोली वाहिली. पण आजारी कोणीही पडले नाही.

काकांनी नळी पुन्हा नदीच्या बाजूला जोडली. चिखल, साबण, कुजकी पाने, सगळे वास एकदम आत आले आणि मी शहारलो. आता रोज सकाळी चहाच्या आधी ते ती नळी हाताने चाचपत पार नदीपर्यंत जाऊन येतात. तेही भित्रे झाले आहेत. मला त्यांचा आधार वाटतो.

मित्रांनो, मी आता एका अंगावर कलून पोहतो. माझी दया आली, तर नदीत काही टाकू नका, तेवढे पुरे. पण मला या चिखलातून बाहेर काढू नका. मला भिऊ द्या.

काल ती नात स्वतःच्या पायांनी चालत आली आणि तिने दोन्ही तळहात काचेवर आपटले. मी दगडामागे पळालो. ती खिदळली. तिला वाटते, मी तिला भितो.